कर्करोग : रुग्णाचे कर्म आणि रुग्णाचा अधिकार

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात एका निरोगी, बलवान आणि शस्त्रविद्येत निष्णात पुरुषाचे शरीर पाहता पाहता खचून गेलेले दिसते. त्याच्या अंगातले त्राण जाते, घसा कोरडा पडतो, हातातले धनुष्य त्याला सावरत नाही. अर्जुनास कोणताही रोग जडलेला नव्हता. आपल्यापुढे काय उभे आहे ते त्याला दिसले, एवढेच घडले होते. आघात मनावर झाला आणि तो तत्काळ देहात उतरला. मन आणि शरीर यांचा हा निकट संबंध गीतेने तत्त्वविवेचनाला आरंभ होण्यापूर्वीच एका प्रत्यक्ष प्रसंगातून दाखवून ठेवला आहे.

आज भारतातील लक्षावधी घरांत असा प्रसंग येतो. २०२२ सालासंबंधी जे जागतिक अंदाज प्रसिद्ध झाले, त्यांनुसार त्या एका वर्षात या देशात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाल्याचे आढळले, आणि ९ लाखांहून अधिक लोक या रोगाने मरण पावले. पुरुषांत ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे आणि स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. तपासणीचा अहवाल हाती येतो, तो एक शब्द उच्चारला जातो आणि धडधाकट माणूसही मटकन खाली बसतो. त्यानंतर प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंत काही दिवस, क्वचित काही आठवडे जातात. हा मधला काळ बहुतेक घरांत धावपळ, पैशाची जुळवाजुळव आणि अश्रू यांत संपतो. रुग्ण स्वतः मात्र त्या सर्व धावपळीच्या मध्यभागी निष्क्रिय बसलेला असतो.

या काळात रुग्णाने काही करावयाचे असते काय? असल्यास ते किती निष्ठेने करावे? आणि सर्व काही करूनही रोग हटला नाही, तर तो दोष कोणाचा? पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे. पुढचे दोन मात्र धर्माचे, म्हणजे कर्तव्याचे आहेत. ज्या कर्माचे फल आपल्या हाती नाही ते कर्म कसे करावे, हाच तो जुना प्रश्न आहे. येथे तो ग्रंथाच्या पानावर न राहता रुग्णालयाच्या बाकावर येऊन बसतो, एवढाच फरक.

रथ कोठे उभा करावा?

कर्करोगाच्या कोणत्याही रुग्णालयात नित्य दिसणारे एक दृश्य आहे. वडिलांना बाहेर बसवून मुलगा एकटाच डॉक्टरांच्या खोलीत जातो आणि हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बाबांना यातले काही कळू देऊ नका. साधी गाठ आहे, काढली की बरे वाटेल, एवढेच सांगा." मुलाच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बापाचा धीर सुटेल, या एकाच भीतीने तो हे बोलत असतो. परंतु या प्रेमाचा परिणाम काय होतो, हे तपासले पाहिजे.

ज्याला आपल्या तोंडात साधी सूज आहे असे सांगितलेले असते, तो तंबाखू सोडत नाही. सोडण्याइतके कारण त्याला दिसतच नाही. चांगले चार दात काढून टाकण्याची सक्ती का होत आहे, हे त्याला उमगत नाही आणि तो डॉक्टरांवर रुष्ट होतो. केमोथेरपीनंतर अंगात कणकण आली, तर 'उगाच मुलांना त्रास कशाला' म्हणून तो ती लपवतो. आणि त्या दिवसांत रक्तातील रोगप्रतिकारक पेशी कमी झालेल्या असल्यामुळे १००.४ अंश फॅरनहाइटचा ताप हासुद्धा तातडीने रुग्णालय गाठण्याचा विषय असतो. शिवाय सत्य फार काळ लपत नाही. रुग्णालयाच्या दारावरची पाटी त्याला वाचता येते, शेजारच्या खाटेवरील माणूस बोलतो, घरच्यांचे डोळे बोलतात. मग रुग्णाला सर्व कळलेले असते, आपल्याला कळले आहे हे तो घरच्यांपासून लपवतो, आणि ज्या घटकेला माणसांची सर्वाधिक गरज असते त्याच घटकेला तो घरात एकाकी होतो.

अर्जुनाच्या सारथ्याने काय केले, हे येथे आठवावे. दोन्ही सैन्ये नीट दिसतील अशा जागी रथ न्यावा, ही इच्छा अर्जुनाने दर्शविली. आपल्या सख्याचे मन मोडेल हे श्रीकृष्णास ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्याने रथ दुसरीकडे वळविला नाही. ज्यांना पाहून अर्जुन सर्वाधिक व्याकूळ होणार, त्या भीष्म-द्रोणांच्या समोरच त्याने तो उभा केला. परंतु रथ उभा करून तो खाली उतरला नाही. शिष्य खचला, रडला, युद्ध नको म्हणाला, तरी सारथी शेजारीच राहिला आणि शेवटची शंका फिटेपर्यंत बोलत राहिला. रुग्णाच्या नातलगांनी व वैद्यांनी घेण्याजोगा आदर्श या दोन्ही गोष्टी मिळून पूर्ण होतो. सत्य दाखवावे, आणि दाखवून झाल्यावर तेथून निघून जाऊ नये.

वाङ्मय तपाचे लक्षण सांगताना गीतेने सत्याबरोबर प्रियता आणि हित यांचीही अट घातली आहे, आणि त्या वाणीने ऐकणाऱ्याचे चित्त पोळू नये असेही सुचविले आहे. घरची माणसे यांतील प्रियतेला धरून सत्य सोडतात. घाईत असलेला एखादा वैद्य सत्याला धरून बाकीचे सोडतो, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यांत सर्व ऐकवून पुढच्या रुग्णाकडे वळतो. दोन्हीकडे तप अपुरे पडते. सत्य हे औषधाप्रमाणे मात्रेने देता येते. आज रोगाचे नाव, उद्या उपचाराचा मार्ग, परवा त्यातील अडचणी, असा क्रम ठेवता येतो. काही रुग्ण स्वतःच म्हणतात की, "मला तपशील नको, तुम्ही काय ते ठरवा." त्यांची ही इच्छाही मानली पाहिजे, कारण आपल्याला किती कळावे हे ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे. मात्र ते त्यांनी ठरविलेले असावे. रुग्ण स्त्री असेल तर हा विचार अधिकच आवश्यक आहे; कारण आपल्या समाजात तिच्या देहाविषयीचा निर्णय पती, दीर आणि मुलगे यांच्या बैठकीत पुष्कळदा होऊन जातो आणि तिला केवळ तारीख कळविली जाते.

कर्म करण्याचा अधिकार मनुष्याला आहे असे मानावयाचे आणि ज्या ज्ञानावाचून ते कर्म संभवत नाही ते ज्ञान त्याच्यापासून लपवावयाचे, ही गोष्ट परस्परविरुद्ध आहे. म्हणून पूर्वतयारीचा पहिला भाग रुग्णाला त्याच्या रोगाची यथायोग्य जाणीव करून देणे हाच होय.

देहाची तयारी

युक्त आहार आणि युक्त विहार यांचा उपदेश गीतेने योग्यासाठी केला. रुग्णालाही तो अक्षरशः लागू पडतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी ही तिन्ही रोगाबरोबर देहाचीही शक्ती खर्च करतात. जो देह काही शिल्लक बाळगून या प्रसंगाला सामोरा जातो, त्याला तो खर्च सोसण्यास अधिक वाव असतो. अलीकडे वैद्यकाने यालाच प्रीहॅबिलिटेशन, म्हणजे उपचारपूर्व बलसंवर्धन, असे नाव दिले आहे. त्यात गूढ असे काहीच नाही.

प्रथम आहार. देहाची झीज भरून काढण्यास प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर अशा रुग्णाने दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत, असे आहारशास्त्र सांगते. ५० किलो वजनाच्या माणसाला याचा अर्थ ५० ते ७५ ग्रॅम असा होतो. डाळी, उसळी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांतून ती मिळतात. याच्या उलट आपल्याकडे दोन गोष्टी घडतात. कोणी सांगतो की, अन्न तोडले म्हणजे गाठ उपाशी मरते. प्रत्यक्षात गाठीच्या आधी देहच उपाशी पडतो. दुसरे म्हणजे रुग्ण नवसापोटी कडक उपास धरतो. श्रद्धेचा अनादर करण्याचे कारण नाही, परंतु मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही हे गीतेचेच सांगणे आहे, आणि देहाला व्यर्थ कष्टविणाऱ्या तपाचा तिने स्पष्ट निषेध केला आहे. नवस फेडावयाचाच असेल तर तो घरातील निरोगी माणसाने फेडावा. रुग्णाचे व्रत म्हणजे वेळच्या वेळी घेतलेला घास.

दुसरा व्यायाम. येथे मल्लविद्या अपेक्षित नाही. डॉक्टरांच्या संमतीने रोज अर्धा तास चालणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, दीर्घ श्वास घेण्याचा सराव, एवढ्याने आरंभ होतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात नळीने श्वास ओढून तीन चेंडू उचलावयाचे जे साधन देतात ते पुष्कळांना पोरखेळ वाटते. परंतु भुलीनंतर फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहू नये व तेथे कफ साठून न्युमोनिया होऊ नये, यासाठी ते दिलेले असते.

तिसरा त्याग. तंबाखू, विडी, सिगारेट व मद्य यांचा त्याग निदानाच्या दिवशीच व्हावा. धूम्रपान शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे थांबले तरी जखम भरण्यातील आणि श्वसनातील अडथळे कमी होतात. 'आता रोग झालाच आहे, मग सोडून काय उपयोग?' हा युक्तिवाद ऐकण्यात येतो. उपयोग आहे, आणि तो उपचाराच्या पहिल्या दिवसापासूनच आहे.

चौथी गोष्ट तोंड व घसा यांच्या रुग्णांपुरती आहे. जबड्यावर किरणोपचार झाल्यानंतर तेथील हाड सहजी भरून येत नाही. म्हणून किडलेले व हलणारे दात किरणोपचारापूर्वीच, साधारणतः दोन ते तीन आठवडे आधी, काढून जखम भरू द्यावी लागते. तोंड उघडण्याचे व्यायामही तेव्हापासूनच सुरू करावे लागतात, अन्यथा पुढे घास तोंडात जाण्याइतकेही ते उघडत नाही.

या सर्वांसंबंधी एक इशारा मात्र दिला पाहिजे. तयारीच्या नावाखाली उपचाराला विलंब होता कामा नये. शस्त्रक्रियेची तारीख वैद्याने ठरवावी आणि त्या तारखेपर्यंत जेवढा काळ मिळेल तेवढ्यात रुग्णाने तयारी करावी. 'आधी शक्ती येऊ द्या, मग पाहू' असे म्हणत महिने घालविणे, किंवा बायॉप्सीने रोग पसरतो या समजुतीने ती टाळणे, ही तयारी नाही. ते युद्धापासून पाठ फिरविणेच आहे.

प्रयत्नाचे फल आणि प्रयत्नाच्या मर्यादा

या प्रयत्नांना फल येते काय? काही प्रमाणात येते, असे म्हणण्यास आधार आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि धूम्रपान सोडण्यास साहाय्य देण्यात आले. त्यांच्यापैकी १७.१ टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर गंभीर उपद्रव झाले, तर अशी तयारी न केलेल्यांत हे प्रमाण २९.७ टक्के होते. हा फरक लहान नाही.

परंतु याचसंबंधीचे दुसरे सत्यही सांगितले पाहिजे. २०२० साली कॅनडातील माँट्रियल येथून ११० अशक्त व वृद्ध रुग्णांचा तशाच प्रकारचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा तयारीने उपद्रव कमी झाल्याचे आढळले नाही. एकच प्रयत्न एका देहात फळाला येतो आणि दुसऱ्यात येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांचा विचार येथे उपयोगी पडतो. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी ती पाच कारणे होत. कर्करोगाच्या उपचारात देह हे अधिष्ठान. त्याचे वय, पूर्वीचे आजार, गाठीचा प्रकार आणि ती किती पसरली आहे हे सर्व त्यातच आले. रुग्ण हा कर्ता. औषधे, यंत्रे आणि शस्त्रे ही करणे. वैद्य, परिचारिका, रुग्ण आणि घरची माणसे यांच्या नानाविध हालचाली ही चेष्टा. आणि या चौघांचा हिशेब पूर्ण झाल्यावरही जे हिशेबात येत नाही ते दैव. फल या पाचांच्या मिळणीने येते. केवळ कर्त्यालाच कारण समजणाऱ्याची दृष्टी अपुरी आहे, असे त्या अध्यायाचे मत आहे. यशाचा अभिमान तेथे जसा टिकत नाही, तसा अपयशाचा अपराधही टिकत नाही.

दोषाचे ओझे

रोगाच्या दुःखात जी भर माणसेच माणसांवर घालतात, तिचा विचार याच ठिकाणी केला पाहिजे. ही भर दोन प्रकारची आहे. जुन्या वळणाचे लोक म्हणतात, "मागच्या जन्मी काही केले असेल, ते आता भोगावे लागत आहे." नव्या वळणाचे लोक म्हणतात, "मनाने खचलास म्हणून रोग वाढला; मन खंबीर ठेव, म्हणजे रोग पळेल." भाषा निराळी असली तरी दोघांचा निवाडा एकच आहे, की रोगाचा अपराधी रोगीच होय.

पहिल्या मताला उत्तर देण्यास फार दूर जावे लागत नाही. श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखे नामांकित वैद्य त्यांच्यावर उपचार करीत होते, शिष्य अहोरात्र सेवा करीत होते, आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांनी देह ठेवला. श्रीरमण महर्षींच्या डाव्या हातावर कोपराजवळ लहानशी गाठ आली. १९४९ साली तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती पुन्हा उद्भवली. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. आणि १४ एप्रिल १९५० रोजी महर्षी निर्वाण पावले. या दोन महात्म्यांच्या पापांची यादी करण्यास कोण धजेल? त्यांचे मन दुर्बळ होते असे कोण म्हणेल? आणि त्या दोघांनीही वैद्यांना आपल्या देहावर उपचार करू दिले, हीही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरे मत शास्त्राचा वेष घेऊन येते, म्हणून त्याचे उत्तर शास्त्रातूनच द्यावे. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांची मानसिक स्थिती आणि त्यांचे आयुर्मान यांचा संबंध तपासणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे मन प्रसन्न होते ते अधिक जगले, असे त्यात आढळले नाही. कॅनडातील २३५ स्त्रियांचा दुसरा अभ्यास २००१ सालचा आहे. त्यांचा स्तनाचा कर्करोग इतरत्र पसरलेला होता. त्यांतील काही स्त्रियांना एकत्र बसून आपले दुःख बोलण्याची नियमित संधी देण्यात आली. त्यांचे आयुष्य त्यामुळे वाढले नाही. परंतु त्यांची मानसिक व्यथा कमी झाली आणि वेदनेची तीव्रताही कमी भासू लागली.

या दोन अभ्यासांचे तात्पर्य साधकाने शांतपणे समजून घेण्याजोगे आहे. मनाची तयारी ही आयुष्याची किंमत म्हणून मोजावयाची नसते. ज्या रुग्णाला सांगितले जाते की, तुझ्या धैर्यावरच तुझे जगणे अवलंबून आहे, त्याला रडण्याचीही चोरी होते. एक रात्र भीतीत गेली तर आपण स्वतःचा घात केला, असे त्याला वाटू लागते. समत्व याचा अर्थ चेहऱ्यावर सदैव हसू ठेवणे असा नाही. भीती वाटत असतानाही ठरलेल्या वेळी औषध घेणे, दुःख असतानाही सकाळी उठून दहा पावले चालणे, ही रुग्णशय्येवरील समत्वाची साधना होय. भीतीला नाव द्यावे, ती जवळच्या माणसापाशी बोलावी. वैद्याला विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मुलाबाळांची, देण्याघेण्याची आणि घराची व्यवस्था लावून ठेवावी. ते अशुभ नाही, त्याने मनावरचा मोठा भार उतरतो. तरुण रुग्णाने पुढे अपत्यप्राप्तीची शक्यता राखावयाची असल्यास त्यासंबंधी उपचार सुरू होण्यापूर्वीच वैद्याला विचारावे. संकोचापायी हा प्रश्न राहून जातो आणि नंतर पश्चात्ताप होतो. जप, ध्यान, पारायण यांत ज्याचे मन रमते त्याने ते अवश्य करावे, कारण त्यापासून त्याला त्या क्षणी शांती मिळते. तिच्या बदल्यात आयुष्याची मागणी ठेवली, की ती शांतीही हातची जाते.

एकट्या रुग्णाचे हे काम आहे काय?

ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला प्रथिनांचे ग्रॅम मोजून दाखविणे ही क्रूर थट्टा ठरेल. बिहार, बंगाल किंवा विदर्भातील खेड्यातून मुंबईस आलेला मजूर रस्त्याच्या कडेला पथारी टाकून आपल्या पाळीची वाट पाहतो. त्याला विश्रांतीचा उपदेश कोण करणार? कर्त्याने आपले कर्म करावे हे खरे, परंतु त्याच्या पायाखालची भूमी देण्याचे काम समाजाचे आहे. लोकसंग्रह या शब्दाचा याहून जवळचा अर्थ कोणता असेल?

सुदैवाने या देशात असे कार्य झालेले आहे, आणि त्याचा उगम अनेकदा घरच्याच दुःखात आहे. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे कार्य सुरू झाले. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कर्करोगाने गेली. त्या दुःखातून त्यांच्या प्रयत्नाने मद्रासजवळ अड्यार येथे १९५४ साली १२ खाटांचे लहानसे कर्करोग रुग्णालय सुरू झाले, आणि डॉ. व्ही. शांता यांनी २०२१ साली देह ठेवीपर्यंत आपले आयुष्य त्या संस्थेला दिले. दादर येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परगावाहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग अल्प खर्चात आसरा घेतात. ज्याला मोठे रुग्णालय उभारता येत नाही, त्याला एखाद्या रुग्णाच्या घरी रोज एक डबा पोहोचविता येतो, तपासणीच्या दिवशी त्याच्याबरोबर रांगेत उभे राहता येते. हा रोग स्पर्शाने होत नाही. तेव्हा त्याच्या ताटाला आणि अंथरुणाला शिवण्यास भिण्याचे कारण नाही.

उपचारानंतर

उपचार संपले म्हणजे घरची माणसे पेढे वाटतात आणि रुग्ण मात्र गोंधळलेला असतो. शरीर थकलेले असते, केस व चव परत येण्यास वेळ लागतो, आणि दर तपासणीच्या आधी झोप उडते. पूर्वी अशा थकव्यावर केवळ विश्रांती सांगत. आता असे दिसून आले आहे की, झेपेल तेवढा नियमित व्यायाम हाच त्या थकव्यावरील चांगला उपाय आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. शस्त्रक्रिया व केमोथेरपी संपल्यावर त्यांतील काहींनी तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम केला. आठ वर्षांनी त्यांच्यापैकी ९०.३ टक्के हयात होते. ज्यांना केवळ आरोग्यविषयक माहिती-पुस्तिका दिली होती त्यांच्यात हे प्रमाण ८३.२ टक्के होते. रोज केलेले लहान कर्म दीर्घकाळात किती दूर पोहोचते, याचे हे उदाहरण आहे. तरीही त्या व्यायाम करणाऱ्यांतील काही जण गेलेच, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

जे गेले त्यांची तयारी व्यर्थ गेली काय? अर्जुनानेही असाच प्रश्न विचारला होता. श्रद्धेने मार्गाला लागलेला परंतु सिद्धीपर्यंत न पोहोचलेला साधक वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाश पावतो काय, ही त्याची शंका सहाव्या अध्यायात आहे. कल्याणाचे कर्म करणाऱ्याचा नाश होत नाही, अशा आशयाचे आश्वासन त्याला मिळाले. रुग्णाच्या बाबतीत हे आश्वासन परलोकापर्यंत न नेताही खरे ठरते. ज्याने आपला रोग जाणून घेतला, आपल्या माणसांशी मोकळेपणाने बोलला, देहाची शक्य तेवढी निगा राखली, त्याचे शेवटचे महिने त्याच्या स्वतःच्या हाती राहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना आरंभापासूनच वेदनाशमन व आधार देणारी सेवा मिळाली, त्यांचे उरलेले जीवन अधिक सुसह्य झाले आणि त्यांना खिन्नतेने कमी ग्रासले. अशी सेवा मागणे म्हणजे पराभव पत्करणे, हा समज सोडून द्यावा. रोग हटविण्याचे कर्म जेथे थांबते तेथे दुःख हलके करण्याचे कर्म उरतेच, आणि त्यावरही रुग्णाचा व त्याच्या माणसांचा तितकाच अधिकार आहे.

तेव्हा ज्या घरात हा प्रसंग आला असेल त्या घराने प्रथम रुग्णाजवळ बसावे आणि त्याला त्याच्या सोसण्याच्या मात्रेने सत्य सांगावे. मग त्याच्याबरोबर उद्याच्या दिवसाचे काम ठरवावे. काय खावयाचे, किती चालावयाचे, कोणाला काय विचारावयाचे. ते काम रोज निष्ठेने करावे. फल अनुकूल आले तर त्याचा गर्व नको आणि प्रतिकूल आले तर त्या माणसाच्या माथी कोणताही दोष नको. एवढे ज्या घरी साधले, त्या घरी गीतेचे पठण कोणत्या दिवशी होते ही चौकशी करण्याची आवश्यकता नाही.